जशी आली तशी पुढे पाठवली

१ जुलै २०१८ रोजी रविवार होता. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. तिथे भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना लोकांनी 'मुलं पळवणारी टोळी' समजून मारायला सुरुवात केली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आलं. दार तोडून जमाव आत शिरला आणि पाचही जणांचा जीव घेतला. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. गावोगाव फिरायचं, मिळेल त्या भिक्षेवर पोट भरायचं, हेच या समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. मुलं पळवणारी टोळी आली आहे ही बातमी त्यांच्या आधीच मोबाइलवरून गावात पोचली होती. टोळी फक्त त्या बातमीत होती.

मी शिंदखेड्याचा. या घटनेबद्दल आमच्या भागातल्या मुस्लिम मंडळींकडून मी आजवर दोनच मतं ऐकली. एक मत असं की मोबाइल ही चीजच वाईट, पोरांच्या हातातून काढून घ्या. दुसरं मत असं की यात आपला काय संबंध? मेले ते आपले नव्हते, मारणारेही आपले नव्हते. आपल्यावर येईल तेव्हा बघू.

मला दोन्ही मतं मान्य नाहीत. आधी दुसऱ्याबद्दल बोलतो, कारण ते जास्त धोकादायक आहे.

त्याच रविवारी रात्री आमच्या शेजारच्या मालेगावात काय झालं, हे किती जणांना आठवतं? परभणीकडून आलेलं एक गरीब कुटुंब, सोबत लहान मूल. त्यांना 'मुलं पळवणारे' म्हणून जमावानं घेरलं. म्हणजे स्वतःचं मूल कडेवर घेतलेल्या माणसांवर मूल चोरल्याचा आळ. तिथल्याच काही रहिवाशांनी धाडस करून त्यांना घरात घेतलं, पोलीस आले, जमावाला आवरलं आणि कुटुंब वाचलं. मालेगावचा जमाव कुणाचा होता? आपलाच. घराचं दार उघडणारे कोण होते? तेही आपलेच. अफवेला कलमा विचारावा लागत नाही, ती कुणाच्याही मोहल्ल्यात शिरते. राईनपाडा आणि मालेगाव यांत फरक पडला तो एका दाराचा आणि वेळेवर पोचलेल्या पोलिसांचा. त्यामुळे 'आपला काय संबंध' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

आता त्या बातमीत काय होतं ते पाहू. त्या दिवसांत आपल्या भागात एक चित्रफीत फिरत होती. ओळीनं ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह, आणि सोबत सावध राहा म्हणून इशारा. ही मुलं पळवून नेली, त्यांचे अवयव काढले, असा समज त्यातून पसरला. प्रत्यक्षात ती मुलं सीरियातल्या घौता इथली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथे विषारी वायूचा हल्ला झाला, त्यात ती गुदमरून मेली. दुसरी एक चित्रफीत त्या वर्षी देशभर फिरली. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना जागं करण्यासाठी बनवली होती. मूळ चित्रफितीत शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि जागृतीची जाहिरात खुनाचं निमंत्रण झाली.

घौताची ती मुलं मुसलमानांची होती. त्यांना कफन मिळालं, पण त्यांच्या मौतीचं सत्य आपण त्यांना ठेवू दिलं नाही. पाच वर्षांनी त्यांचेच चेहरे दाखवून हजारो कोसांवर पाच गरीब भिक्षेकऱ्यांना मारलं गेलं. यात माझा काय संबंध, असं कोणता मुसलमान म्हणू शकतो?

मला सगळ्यात जास्त चीड येते ती 'जशी आली तशी पुढे पाठवली' या वाक्याची. संदेशाच्या खाली हे वाक्य लिहिलं की आपण सुटलो, असं लोकांना वाटतं. नियत साफ होती, लोकांना सावध करायचं होतं, खरं-खोटं अल्लाह जाणे. भावांनो, अल्लाह जाणतो हे खरं, पण तपास करायला त्यानं तुम्हालाही सांगितलं आहे. सूरह हुजुरातमधल्या सहाव्या आयतीत हा हुकूम स्पष्ट आहे: बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी छाननी करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. यात 'नकळत' हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे साफ नियतीची सबब चौदाशे वर्षांपूर्वीच फेटाळलेली आहे.

हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर मदिनेत आळ घेतला गेला तो प्रसंग आपण मिलादच्या बयानात ऐकतो. आळ रचणारे मुनाफिक होते, पण तो पुढे बोलणाऱ्यांत सच्चे मुसलमानही होते. सूरह नूरमध्ये कानउघाडणी झाली ती त्यांचीही, ऐकताक्षणी 'हा उघड बोहतान आहे' असं का म्हणाला नाहीत म्हणून. त्यांनी कहाणी रचली नव्हती. त्यांनी ती फक्त पुढे पाठवली होती.

आणि ज्या उम्मतीनं सनदेचं शास्त्र उभं केलं तिनं तरी ही सबब सांगू नये. हदीस गोळा करणाऱ्यांनी नुसतं 'प्रेषितांनी (स.) असं म्हटलं' एवढ्यावर कुणाचं ऐकलं नाही. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी? ते दोघं कधी भेटले होते का? तो रावी खोटं बोलतो का, विसरभोळा आहे का? एकेका रावीचं चरित्र तपासण्यासाठी 'अस्मा-उर-रिजाल' हे वेगळं शास्त्रच झालं. साखळीतली एक कडी सापडली नाही तर हदीस कमजोर ठरवली गेली, तिचा मजकूर कितीही गोड असला तरी. याच्या शेजारी व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड ठेवून बघा. तो किती हातांतून आला, पहिला हात कुणाचा, काही कळत नाही. साखळी आहे, पण सगळे रावी बेनाम. आपल्या बुजुर्गांनी असली रिवायत दारातूनच परत पाठवली असती. त्याच बुजुर्गांचे वारस म्हणवणारे आपण सकाळच्या चहासोबत असल्या दहा रिवायती तीस ग्रुपांत टाकतो.

मी फॉरवर्ड करण्याला गवाही मानतो. न पाहिलेल्या गोष्टीची गवाही देणारा माणूस कोर्टात खोटा साक्षीदार ठरतो. मोबाइलवर तो 'समाजसेवक' कसा ठरतो?

आता कुणी म्हणेल, अफवांचा सगळ्यात मोठा मार तर आपणच खातो, मग उपदेश आपल्यालाच का? मार खातो हे शंभर टक्के खरं. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेखला मारलं गेलं. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची बदनामी करणाऱ्या पोस्ट फेसबुकवर कुणीतरी टाकल्या होत्या. मोहसीनचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढी ओळख मारेकऱ्यांना पुरली. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. मोहसीन सोलापूरचा आणि राईनपाड्यात मेलेले मंगळवेढ्याकडचे. एकाच जिल्ह्यातल्या या घरांना अफवेनं सारखंच उजाड केलं.

मार्च २०२० मध्ये निजामुद्दीनच्या मरकजनंतर 'कोरोना जिहाद' हा शब्द मोबाइलवर आणि टीव्हीवर नाचला. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकललं गेलं. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तब्लीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं सुनावलं. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना अशाच अफवेवरून जमावानं मारलं. त्या खुनांवर लगेच दुसरी अफवा चढवली गेली की मारणारे मुसलमान होते. गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही हे सांगावं लागलं.

हे सगळं मला पाठ आहे, आणि म्हणूनच मी आपल्या लोकांवर जास्त कडक आहे. ज्याचं घर जळालं आहे त्यानं तरी काडेपेटीशी खेळू नये. 'भगव्या ग्रुपांत' खोटं फिरतं म्हणून आपण संतापतो. पण 'अमुक गावात मशीद पाडली', 'तमुक ठिकाणी आपल्या मुलींना उचललं' असं रात्री बारा वाजता आपल्या ग्रुपात येतं तेव्हा गावाचं नाव खरं आहे का एवढंही कुणी विचारत नाही. विचारलं तर 'तू कुणाच्या बाजूचा?' असा उलटा प्रश्न येतो. गाझाबद्दलही तेच. तिथल्या पत्रकारांनी स्वतःचा जीव देऊन जे टिपलं ते जगाला हलवायला पुरेसं आहे. त्यात सीरियातले जुने फोटो, सिनेमातले तुकडे, संगणकानं बनवलेली चित्रं मिसळण्याची काय गरज? असा एक खोटा फोटो पकडला गेला की खऱ्या शंभर फोटोंनाही 'हेही बनावट' म्हणायची सोय होते. मजलुमांच्या बाजूनं बोललेलं खोटं शेवटी जालिमाच्या कामी येतं.

आता 'मोबाइल वाईट' या मताकडे येतो. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात आपले सहा तरुण गेले. त्यानंतर पोलीसच तोडफोड आणि लूट करताना दिसत होते, अशा मोबाइलवरच्या चित्रफिती पुढे आल्या आणि काही पोलिसांना अटक झाली. मोबाइल नसता तर गरिबांचं कुणी ऐकलं असतं? तिथे टिपणारा जागेवर होता, ठिकाण ठाऊक होतं, तारीख ठाऊक होती. म्हणजे गवाहीला सनद होती. तोच मोबाइल, तीच चित्रफीत, पण एक न्यायाच्या कामी आली आणि एक खुनाच्या. मग मोबाइल काढून घेण्याच्या गप्पा कशाला? आणि माझ्या पाहण्यात तरी असले संदेश पुढे ढकलण्यात पोरांपेक्षा घरातले चाचा, मामू आणि रिटायर्ड मास्तर पुढे असतात.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, 'फॉरवर्डेड' ही खूण आणली, आणि भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यासाठी काही नवं विज्ञान शोधावं लागलं नव्हतं. हे आधीही करता आलं असतं. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष पेटवण्यात फेसबुकचा मोठा वाटा होता, हे संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीत २०१८ मध्येच पुढे आलं. व्हॉट्सॲप आणि फेसबुक एकाच मालकाचे. माणसं मेल्याशिवाय यांचे नियम बदलत नाहीत. सरकारचंही तसंच. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे आपल्यापैकी कितींना माहीत आहे? विचारायला हवं, आणि लेखी विचारायला हवं.

पण कंपनी सुधारेपर्यंत आणि सरकार जागं होईपर्यंत आपला अंगठा कुणाच्या ताब्यात आहे?

आपल्यातलेही फकीर, मदारी, भंगारवाले, चादरी विकणारे फेरीवाले अनोळखी गावांत फिरतात. भाषा थोडी वेगळी, कपडे मळके, ओळखीचं कुणी नाही. डवरी गोसाव्यांवर जी वेळ आली ती त्यांच्यावर यायला एक कापलेली चित्रफीत पुरे. त्यांचा जीव अशा माणसांच्या हातात आहे ज्यांना ते कधी भेटलेलेही नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मशिदीच्या, शाळेच्या, जमातीच्या प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिननं एक नियम लावावा: कुठे घडलं, कधी घडलं आणि तुम्हाला कुणी सांगितलं, हे तीन सांगता येत नसेल तर संदेश टाकायचा नाही. खोटं निघालं तर गुपचूप पुसून टाकायचं नाही, त्याच ग्रुपात 'हे खोटं होतं' असं लिहायचं, कारण पुसलेला संदेश तोवर पन्नास ठिकाणी गेलेला असतो. संशयित माणूस दिसला तर ग्रुपात फोटो न टाकता पोलिसांना ११२ वर फोन करायचा. इमाम साहेबांनी जुम्याच्या बयानात महिन्यातून एकदा तरी सूरह हुजुरातची ती आयत मोबाइलचं नाव घेऊन समजावून सांगावी. आणि हे ज्यांना जाचक वाटतं त्यांना खुशाल ग्रुपमधून जाऊ द्यावं.