विक्रेत्याची भाषा, ग्राहकाची भाषा

जर्मन शिकले की तिकडे नोकरी मिळते का, हा प्रश्न हल्ली पालक आम्हाला वरचेवर विचारतात. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर जास्तच. बोलणे असते ते परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर यांच्याबद्दल. पण बी.कॉम., एम.बी.ए. करून विक्रीच्या कामात मुरलेली आपली मुलेही तिकडे डोळे लावून बसली आहेत. आज त्यांच्यासाठी लिहितो. पाइप जोडणाऱ्याची भाषा कमी पडली तरी पाइप जोडला जातो; विक्रेत्याचे हत्यारच भाषा.

आणि भाषा म्हणजे नुसते शब्द नव्हेत, हे वॉलमार्टसारख्या बलाढ्य अमेरिकी कंपनीलाही जर्मनीत महागात पडून कळले. 1997 मध्ये ती तिथे उतरली. पहिला प्रमुख अमेरिकेतून पाठवला, त्याला जर्मन येत नव्हते आणि वरच्या कचेरीचा कारभार इंग्रजीत. दुकानातल्या नोकरांना हुकूम, की ग्राहकाकडे पाहून हसा, त्याचे सामान पिशवीत भरून द्या. अनेक ग्राहक अवघडले. ओळख ना पाळख, हा का हसतो? शिवाय आल्डी, लिडल यांची स्वस्ताई होतीच आणि कामगार संघटनांशीही जमेना. 2006 मध्ये 85 दुकाने मेट्रो कंपनीला विकून वॉलमार्टने गाशा गुंडाळला. तोटा फक्त हसण्यामुळे झाला असे आम्ही म्हणणार नाही, पण माणसे निवडताना आणि शिकवताना तिथला ग्राहक कोण, हे पाहिलेच गेले नाही.

उलट उदाहरण तुर्की लोकांचे. 1961 च्या करारानुसार तुर्कस्तानातून मजूर जर्मनीत बोलावले गेले. त्यांची मुले-नातवंडे तिथेच वाढली, कमावती झाली, आणि मग कंपन्यांच्या लक्षात आले की हा मजूर नाही, ग्राहक आहे. 2005 मध्ये ई-प्लस कंपनीने त्यांच्यासाठी 'आय यिल्दिज', म्हणजे चंद्र-तारा, ही मोबाइल सेवा काढली. 2006 मध्ये डॉइचे बँकेने 'बांकामिझ', म्हणजे आपली बँक, सुरू करून तुर्की बोलणारे सल्लागार नेमले. फोक्सवागननेही आमच्याकडे तुर्की बोलतात अशी जाहिरात केली. आता गंमत अशी, की यातल्या बहुतेक तरुण ग्राहकांना जर्मन उत्तम येत होते. मग तुर्की सल्लागार कशाला? आमच्या मते उत्तर सोपे आहे. घराचे कर्ज काढायचे तर मुलासोबत अब्बाही येऊन बसतात. कागद मुलगा वाचतो, मान अब्बांनी हलवायची असते. आधी कोणाशी आणि कशा शब्दांत बोलायचे, हे ज्याला कळते तो सौदा करतो. जर्मनमध्ये 'झी' आणि 'डू' आहे, तुर्कीत 'सिझ' आणि 'सेन', आपल्याकडे आप आणि तुम. दादीशी उर्दू, तलाठ्याशी मराठी आणि बाजारात दोन्हींची मिसळ करणाऱ्या आपल्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. फक्त मुलाखतीत तो आपला गुण आहे हे त्यांना सांगता येत नाही.

निवड करणाऱ्यांची फजिती व्हावी अशी आणखी एक जागा म्हणजे तिथला नोकरीचा दाखला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपण 'वर्तणूक : चांगली' लिहितो, आणि ते सरसकट सर्वांनाच लिहितो हे आता सांगायला हरकत नाही. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी दाखला मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. तो खरा असावा आणि माणसाच्या पुढच्या वाटेत आडवाही येऊ नये, अशी दुहेरी अट. त्यामुळे गोड शब्दांचीच एक उतरंड तयार झाली. 'काम नेहमी आमच्या पूर्णातिपूर्ण समाधानाचे' म्हणजे अव्वल. 'नेहमी पूर्ण समाधानाचे' म्हणजे चांगले. नुसते 'पूर्ण समाधानाचे' म्हणजे मध्यम, आणि फक्त 'समाधानाचे' असेल तर जेमतेम पास! 'त्यांनी प्रयत्न केले' असे लिहिले तर समजावे की काही जमले नाही. कायद्याला असे छुपे अर्थ मान्य नाहीत, तरी रीत चालूच आहे. 2014 मध्ये तर तिथल्या केंद्रीय कामगार न्यायालयाने सांगितले, की मध्यमापेक्षा वरचा शेरा हवा असेल तर पुरावा कामगाराने द्यावा. बाहेरच्या देशातला मालक 'पूर्ण समाधान' वाचून खूश होतो आणि मध्यम विक्रेता घेऊन बसतो. 'प्रामाणिक, कष्टाळू, होतकरू' असे आपल्याकडचे पत्र तिथे कितपत उपयोगी पडेल, ते यावरून ओळखावे. त्यापेक्षा कोणता माल, किती गिऱ्हाईक, वर्षाला किती विक्री, हे आकड्यांत मांडलेले बरे.

मुलींच्या दुपट्ट्याबद्दलही विचारले जाते. 2002 मध्ये केंद्रीय कामगार न्यायालयाने एका दुकानातल्या विक्रेतीला हिजाबमुळे काढणे बेकायदा ठरवले. ग्राहक नाराज होतील ही मालकाची नुसती भीती न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. पुढच्या वर्षी घटनात्मक न्यायालयानेही तेच कायम ठेवले. मात्र 2021 मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटले, की खरी गरज दाखवता आली तर मालक सर्वच धार्मिक खुणांवर बंदी घालू शकतो, एकाच धर्माच्या नाही. कायदा असा, आणि वागणूक? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कचेरीतल्या जागांसाठी सारख्याच योग्यतेचे अर्ज पाठवले होते. जर्मन नावाला 18.8 टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, तुर्की नावाला 13.5, आणि तुर्की नावासोबत हिजाबातला फोटो होता तिथे 4.2. लेकीला पाठवणाऱ्या आई-वडिलांना हे आकडे आधीच माहीत असलेले बरे. तुर्की वस्तीतल्या बँकेत आणि बव्हेरियातल्या यंत्रांच्या कारखान्यात तिला मिळणारी वागणूक एकसारखी नसेल.

राहिली व्यवहाराची बाजू. भाषेच्या ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या आहेत. एजंट बी-वनवर पैसे मागतो, पण जर्मन ग्राहकाशी घासाघीस करायला ती पायरी पुरत नाही. गावोगाव फिरून माल खपवायचा तर गाडी हवी, आणि आपला भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यावर सहाच महिने चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. नोकरीत पहिले सहा महिने परीक्षेचे असू शकतात, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागद कोणता, ते पाहा. ठरलेला पगार आणि वर कमिशन, हा नोकरीचा करार. पण 'हांडल्सफरट्रेटर' असा शब्द दिसला तर तो स्वतंत्र कमिशन एजंट. त्याला पगार नाही, विम्याची सोय त्यानेच करायची, आणि त्याचा व्हिसाही नोकरीच्या व्हिशाहून वेगळा. एजंटच्या हातावर पैसे ठेवण्याआधी तो कागद जर्मन जाणणाऱ्या माणसाकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्या.