आजोबांचं घड्याळ थाप मारतंय!

आमच्या घरातली एक स्टोरी मी लहानपणापासून ऐकत आलेय. 1969 मध्ये आजी-आजोबांचं लग्न झालं, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आजीच्या अप्पांनी, जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि आजोबांनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही. गेल्या वर्षी आजोबा गेले. घड्याळ माझ्याकडे आलं.

सिको फाइव्ह. स्टीलचा पट्टा, पिवळट पडलेली डायल, काचेवर ओरखडेच ओरखडे. ऑफिसात घालून गेले तर स्मार्टवॉचवाली अख्खी टीम माझ्या डेस्कपाशी! ‘सही! किती सालचं?’ मी ऐटीत म्हटलं, एकोणसत्तर.

ती ऐट टिकली शनिवारपर्यंत. घड्याळ मागे पडत होतं म्हणून दादर स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ पालथं केलं आणि म्हणाले, ‘ताई, हे त्र्याहत्तरचं आहे. एप्रिल.’

मी म्हटलं, काका, एप्रिलबिप्रिल कसं काय सांगता?

तर बॉस, फंडा एकदम सोपा आहे. जुन्या सिकोच्या पाठीवर दोन नंबर कोरलेले असतात. एक आठ आकडी, मध्ये डॅश. माझ्यावर पहिले चार आकडे होते 6119, हा आतल्या मशीनचा नंबर. पुढचे चार केसचे. दुसरा असतो सीरियल नंबर. त्याचा पहिला आकडा म्हणजे सालातला शेवटचा आकडा, आणि दुसरा म्हणजे महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. माझा नंबर 34 ने सुरू होतो. म्हणजे तीन साल, चौथा महिना.

पण तीन म्हणजे 1963, 73 की 83? इथे मशीनचा नंबर कामाला येतो. 6119 हे मशीन साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या मध्यापर्यंतच बनलं. म्हणजे 73 च. वर आणखी एक पुरावा: साधारण 1970 पर्यंत सिको पाठीवर ‘वॉटरप्रूफ’ कोरायची, नंतर ‘वॉटर रेझिस्टंट’. माझ्यावर दुसरं आहे. केस क्लोज्ड.

(तुमच्याकडे ओमेगासारखं स्विस घड्याळ असेल तर सालाचा पत्ता देणारा नंबर बहुधा आत, मशीनवर सापडेल. त्यासाठी पाठ उघडावी लागते. ती घरी चाकूने उघडू नका, प्लीज.)

मग काका म्हणाले, डायल नवी रंगवून देऊ? निळी, केशरी, म्हणाल ती. मी जवळजवळ ‘हो’ म्हणणार होते. नशीब, आधी नेटवर वाचलं होतं. आपल्याकडे जुन्या सिकोंच्या डायली रंगवून, तीन घड्याळांचे पार्ट एकात घालून इतकी घड्याळं विकली गेलीत की बाहेरच्या कलेक्टर लोकांनी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच ठेवलंय. ओरिजिनल डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत जपान आणि कोड नंबर छापलेला असतो. रंगारी बहुतेक वेळा तो गाळतो, नाहीतर फेंगडा काढतो. माझ्या डायलवर तो स्वच्छ वाचता येतो. पिवळी तर पिवळी. मी फक्त ऑइलिंग करून घेतलं.

पण ते चार वर्षांचं काय? लग्न एकोणसत्तरचं, घड्याळ त्र्याहत्तरचं. घरी येऊन आजीला विचारलं. ती भाजी निवडत होती. आधी म्हणाली, तुझ्या काकांना काय कळतंय? मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘अप्पांनी दिलेलं एचएमटी होतं. चावीचं. बहात्तरच्या दुष्काळात ह्यांनी ते विकलं.’

साताऱ्याकडे माण तालुक्यात आमचं गाव. बैलांना वैरण नव्हती, जोडी कवडीमोल भावाने जायची वेळ आली होती. मिलच्या पगारात भागेना, म्हणून आजोबांनी घड्याळ विकून गावी मनिऑर्डर केली. पुढची दोन वर्षं ते सासुरवाडीला भर उन्हाळ्यातही फुल शर्ट घालून जायचे. मग मिलमधल्या एकाचा भाऊ जहाजावर होता, त्याच्याकडून ही सिको घेतली. हप्त्याने.

‘आणि अप्पांना कधीच कळलं नाही?’

आजी हसली. एचएमटीत नुसते काटे होते. सिकोत तारीख आणि वार दिसतो. एकदा पंगतीत अप्पांनी जावयाच्या मनगटाकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘जावईबापू, घड्याळात वार कधीपासून दिसायला लागला?’

‘मग आजोबा काय म्हणाले?’

‘म्हणाले, सर्व्हिसिंग करून घेतलं.’

अप्पांनी आजोबांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली म्हणे.