गिधाडाची किडनी मोजली, मजुराची कोण मोजणार?

डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. सरकारने 2006 मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद केले. 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटलीही बंद करून ती 3 मिलीवर आणली. चांगलेच झाले. (मेलेली ढोरे ओढण्याचे काम कुणाच्या माथी मारले होते, हे आम्हाला कुणी शिकवू नये.) पण तेच औषध उसाच्या फडात, बांधकामावर, गटारात राबणाऱ्याच्या कमरेत टोचले जाते, त्याची मोजदाद कोण ठेवतो?

उन्हात घाम गाळून शरीरातले पाणी आटते, तेव्हा किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर धडपडते. ही गोळी नेमकी तीच धडपड मोडते. सोबत बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पोटातला अल्सर, काळी शौच हे वेगळेच.

औषध शेड्यूल एचमधले, चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. तरी मेडिकलवर पट्टी कापून मिळते. मजुराला दोष देऊ नका. त्याला एक खाडाही परवडत नाही.

म्हणून आरोग्य केंद्रात आम्ही भीक नाही, हक्क मागतो. गोळी देण्याआधी बीपी, शुगर, किडनी, अल्सर, गरोदरपण विचारा. जमेल तिथे आधी पॅरासिटामॉल द्या, नाहीतर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. कार्यकर्त्यांनो, या आठवड्यात आपल्या केंद्रात जा आणि क्रिएटिनिनची तपासणी होते का, ते लेखी विचारा.