लांबी मोजणाऱ्यांनो, आधी वाचा

माजी सैनिकांच्या एका ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच मेसेज फिरतो: ‘जगातला सर्वात मोठा शिलालेख मराठीत, तंजावरला! गर्व से कहो.’ खाली वीस भगवे झेंडे. चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये दोन दिवसांची सुटी मिळाली, तेव्हा म्हटलं प्रत्यक्ष बघूनच येऊ.

बृहदीश्वराचं देऊळ शहराच्या ऐन रहदारीत आहे. बाहेर बसचे भोंगे, रिक्षावाल्यांची ओढाताण. आत पाऊल टाकलं की तापलेला दगड आणि अनवाणी पायांची उडणारी तारांबळ. राजराज चोळाने १०१० साली हे पूर्ण केलं. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेलं भोसले वंशाचं चरित्र आहे. मराठी, तेही देवनागरीत. परमुलखात आपली अक्षरं दिसली की छाती फुगते, माझीही फुगली. खोटं कशाला बोलू?

मग तासभर उभा राहून वाचलं. राजे, राण्या, वंशावळ, स्वाऱ्या. वंशाचं चरित्र म्हटल्यावर राजेच असणार, हे मला कळतं. सरफोजींची थोरवीही मान्य. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली जोपासना पुरेशी आहे. पण तारीख बघा. १७९९ मध्ये राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेलेला. राज्य गेल्यावर चार वर्षांनी भिंतीवर घराण्याची कीर्ती! ह्यात अभिमानापेक्षा हुरहूर जास्त आहे, आणि ती झेंडे लावणाऱ्या एकालाही दिसत नाही.

आता त्याच देवळातले राजराजाचे तमिळ लेख घ्या. त्यात चारशे नर्तकींची नावं आहेत, कोण कुठल्या आळीत, कितव्या घरात राहते यासकट. वादक, शिंपी, परीट, न्हावी, हिशेबनीस, कोणाला किती भात मिळायचं तेही. सैन्याच्या तुकड्यांची नावंसुद्धा आहेत! हजार वर्षांपूर्वीचा आमचा नॉमिनल रोल म्हणा ना. मला तमिळ येत नाही. हे पुस्तकात वाचून गेलो होतो. तरी त्या अक्षरांसमोर आपसूक सावधान झालो.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात शिपायाचं नाव ग्रॅनाइटवर कोरलेलं आहे. त्या विटेसमोर उभी राहिलेली आई भिंत किती फूट लांब आहे हे विचारत नाही. ती नाव शोधते. हे आपल्या ग्रुपवरच्या सुभेदार-हवालदारांना मी सांगायला हवं का?

तंजावरच्या मराठ्यांबरोबर आलेले शिलेदार, बारगीर, मोतद्दार यांची नावं कुठे आहेत, हे झेंडेवाल्यांपैकी कोणी विचारलंय? कागदपत्रं त्याच सरस्वती महालात आहेत, मोडीत. मोडी शिकायला कोणी तयार आहे?

मी हेच ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल एकाने पुन्हा तोच मेसेज टाकला.