वगळलेली प्रकरणे कोणाच्या वाट्याची?

२०२२ मध्ये एनसीईआरटीने ‘भार कमी’ करण्यासाठी पाठ्यपुस्तकांना कात्री लावली. इतिहास-राज्यशास्त्रातल्या कपातीवर आपण बोललो, बोलायलाच हवे होते. पण अकरावीच्या गणितातून ‘मॅथेमॅटिकल इंडक्शन’ आणि ‘मॅथेमॅटिकल रीझनिंग’ ही दोन अख्खी प्रकरणे गेली, १६ प्रकरणांची १४ झाली, हे आपल्या वर्तुळात फारसे कुणाच्या कानावरही आले नाही. पुढे २०२४ च्या जेईई मेनमधूनही ती वगळली गेली.

मी समाजशास्त्रात संशोधन करते, गणितात नाही. तरी एवढे सांगू शकते की ही दोन प्रकरणे शिकायला कॅल्क्युलस लागत नाही, साधे बीजगणित पुरते. विधान १ साठी खरे आहे, आणि एका संख्येसाठी खरे असले की पुढच्या संख्येसाठीही खरे ठरते, एवढे दाखवले की ते सगळ्या नैसर्गिक संख्यांसाठी सिद्ध झाले. हे इंडक्शन. रीझनिंगमध्ये ‘जर-तर’ची विधाने येतात आणि ती उलटी केली की खरी राहतीलच असे नाही, हे कळते. ‘गुणवत्ता असेल तर प्रवेश मिळतो’ हे वादापुरते मान्य केले, तरी ‘प्रवेश मिळाला म्हणजे गुणवत्ता आहेच’ हे त्यातून निघत नाही. आरक्षणावरच्या किती चर्चा इथेच घसरतात, ते तुम्ही वर्गात आणि हॉस्टेलवर ऐकले आहेच.

कपातीला काहीच कारण नव्हते असे नाही. कोविडमध्ये एका मोबाइलवर तीन भावंडे शिकत होती. तेव्हा परीक्षेचा भाग कमी झाला तर आपल्याच मुलांना श्वास घेता आला. पण परीक्षेतून काढणे वेगळे, पुस्तकातून काढणे वेगळे.

कपातीच्या निकषांत एक असाही होता: मुले शिक्षकांच्या फारशा मदतीशिवाय, स्वतःच शिकू शकतील असा मजकूर. कुणाच्या घरी? (स्वतः शिकलेल्या एकलव्याचे काय झाले, ते इथे सांगायला नको.) क्लासवाल्याच्या जाड मोड्यूलमध्ये, इंजिनिअर मामाच्या कपाटात ते प्रकरण असते. ज्या घरात पाठ्यपुस्तक हाच एकमेव शिकवणारा, तिथे पुस्तकातून गेले म्हणजे गेलेच.

फटका बसतो तो बीएस्सी किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला. तिथे इंडक्शन लागतेच, आणि प्राध्यापक ‘हे तुम्ही शाळेत केलेच असेल’ म्हणून पुढे सरकतात. वर्गातले निम्मे मान डोलावतात. उरलेले गप्प बसतात आणि आपल्यालाच गणित जमत नाही असे समजतात. ते वाक्य मी माझ्याही विषयात ऐकले आहे.

ही प्रकरणे परीक्षेविना का होईना, पुस्तकात परत यायला हवीत. कॉलेजांनी पहिल्या सत्रात त्यांच्यासाठी दोन आठवडे द्यायला हवेत. तोवर हॉस्टेलच्या लायब्ररीत किंवा रद्दीत कपातीपूर्वीचे अकरावीचे पुस्तक सापडले तर जपून ठेवा. चौथे आणि चौदावे प्रकरण. यंदा कॉलेजला जाणाऱ्या भावा-बहिणीसोबत बसून ती सोडवा.