हातपाय धरणं हा उपचार नव्हे

विशेष मुलाची दाढ किडली की एक सल्ला हमखास मिळतो : 'गुंगीबिंगी कशाला? दोघांनी घट्ट धरा, पाच मिनिटांचं काम आहे.' या सल्ल्यामागे दोन युक्तिवाद असतात. गुंगीत जिवाला धोका आहे आणि दुधाचे दात काय, पडणारच.

दुसरा आधी निकालात काढू. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. दुखणं सांगता न येणारं मूल तोवर जेवण टाकतं, गालावर थापडा मारून घेतं, रात्री जागवतं. आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

पहिला युक्तिवाद अर्धाच खरा. गुंगीत धोका आहे, म्हणून तर भूलतज्ज्ञ लागतो. पण धरून ठेवण्यातला धोका कोण मोजतं? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा जबडा नकळत मिटतो; वॉर्डबॉयने मनगटं दाबली म्हणून तो उघडा राहत नाही. फिरत्या ड्रिलखाली जीभ सापडू शकते. शिवाय एकदा धास्ती बसली की पुढे साध्या तपासणीलाही ते मूल तोंड उघडत नाही.

गुंगीचेही प्रकार आहेत. मास्कमधून ऑक्सिजनबरोबर नायट्रस ऑक्साइड दिला तर मूल जागं राहतं, हाक मारली की बघतं. मास्क सहनच होत नसेल तर मिडाझोलामसारखं औषध किंवा पूर्ण भूल. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, मानेचे मणकेही जपावे लागतात; त्यांना भूल द्यायची तर सुसज्ज रुग्णालयातच. याचा अर्थ सरसकट गुंगी द्या, असा मुळीच नाही. दोन-तीन भेटींत खुर्चीची ओळख करून देऊन, आरसा हाताळायला देऊन काम होत असेल, तर औषधाची गरज नाही.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016च्या कलम 25मध्ये उपचारांत प्राधान्याची तरतूद आहे. तेव्हा पालकांनो, संकोच सोडून विचारा : दातांचं काम करणाऱ्याखेरीज श्वासावर लक्ष कोण ठेवणार? पल्स ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन हाताशी आहे का? आधी किती तास उपाशी ठेवायचं? नीट उत्तरं मिळाली तर निर्धास्तपणे होकार द्या. 'काही होत नाही हो' एवढंच ऐकू आलं, तर मुलाला घेऊन तिथून निघा.