नेट किती लागतं, हे दुकानदाराला नाही, आपल्या फोनला विचारा



आज खत, बियाणं किंवा भावाचा मेसेज नाही. आज बोलू या रिचार्जबद्दल. हाही शेतीचाच खर्च झालाय, फक्त आपण तो वहीत लिहीत नाही.

आधी हिशोब. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपये झाला. बाकीच्या कंपन्यांनीही तेव्हाच दर वाढवले. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. घरात तीन फोन धरा, ११,६६१ रुपये. २०२५-२६ ला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे जवळजवळ पाच क्विंटल भात नुसता रिचार्जमध्ये जातो. अर्धा-पाऊण एकराच्या खाचरवाल्याने हा आकडा एकदा मनात घोळवावा.

कोणी म्हणेल, "नेट आता स्वस्त आहे, २०१६ च्या आधी एका जीबीला दोन-अडीचशे मोजत होतो, मोजमाप कशाला?" खरं आहे, एक जीबी स्वस्त झाला. पण आपण एक जीबी घेत नाही, रोजचा दीड-दोन घेतो, आणि जो वापरला नाही तो रात्री बाराला गेला. कणगीत उरलेला भात उद्या कामाला येतो, उरलेलं नेट येत नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पॅक आधी आणि गरज नंतर, हा क्रम उलटा करा.

*कशाला किती लागतं?* (आकडे ढोबळ आहेत)

▪️ लिहिलेला मेसेज: नगण्य. हजार मेसेजनाही काही एमबीच.
▪️ व्हॉट्सॲपवरचा फोटो: पाव एमबीच्या आतबाहेर.
▪️ व्हॉट्सॲपवर बोलणं: मिनिटाला अर्धा एमबी. व्हिडिओ कॉल: मिनिटाला पाच एमबी.
▪️ यूपीआयने पैसे देणं, हवामान बघणं: दिवसाला पाच एमबी पुष्कळ.
▪️ यूट्यूब: ३६० वर ठेवलं तर तासाला ३०० एमबी, ४८० वर ५००, ७२० वर एक जीबी किंवा जास्त.
▪️ रील्स: तासाला अर्धा ते एक जीबी. बोट सरकतं तसं नेट सरकतं.

आता घरातल्या दोन माणसांचा हिशोब करू. वडील: दिवसाला वीस फोटो (५ एमबी), मुंबईच्या लेकीशी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल (२५ एमबी), हवामान आणि पैसे (५ एमबी). झाले ३५ एमबी. २८ दिवसांचे ९८० एमबी, म्हणजे महिनाभरात एक जीबी! आणि रिचार्ज रोज दीड जीबीचा, म्हणजे ४२ जीबीचा. मुलगा: तासभर क्लास ४८० वर, तासभर रील्स. त्याला एक ते दीड जीबी रोज लागतोच. दोघांना एकच पॅक मारणं म्हणजे भाताला आणि वालाला सारखंच पाणी देणं.

वडिलांसारख्यांसाठी २८ दिवसांना मिळून दोन जीबी देणारे पॅक आहेत, दोनशेच्या आसपास. आजीकडे साधा बटणांचा फोन असेल तर नेटचे पैसे भरायचेच कशाला? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, की कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायलाच हवेत. असे पॅक आलेही आहेत. ट्रायच्याच २०२२ च्या नियमामुळे ३० दिवसांचा पॅकही असतो. दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. दर बदलतात, त्या दिवशीचा बघून घ्या.

*पण एक गोष्ट वाचवायला जाऊ नका.* "म्हातारीचा फोन वापरत नाही, कशाला रिचार्ज" म्हणून नंबर बंद पडू देणारी घरं आपल्यात आहेत. तोच नंबर आधारला, बँकेला, पीएम किसानला जोडलेला असतो. ९० दिवस त्या नंबरवर काहीच वापर नसेल तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मग ओटीपी येणार कुठे? हप्ता अडकला की सेवा केंद्राच्या फेऱ्या आपल्यालाच. नेट कमी करा, नंबर सोडू नका.

*सात दिवसांचं मोजमाप, फुकट:*

१) फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापर उघडा. कोणतं ॲप किती खातं ते तिथे दिसतं. आजचा आकडा वहीत लिहा.
२) सात दिवसांनी परत बघा. फरकाला सातने भागा. ही आपली रोजची गरज.
३) त्यात पाव भाग जास्त धरा. पावसाळ्यात आणि ई-पीक पाहणीच्या दिवसांत थोडं जास्त लागतं.
४) व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज आणि डेटा" मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. जानेवारीत पोपटीचे व्हिडिओ दहा ग्रुपवर येतात, दहाही उतरवायची गरज नाही.
५) यूट्यूब ३६० वर ठेवा. तुडतुडा ३६० वरही ओळखता येतो.

आता आमची चूक. आम्ही या मेसेजमधून तुम्हाला शिकवतोय, पण गेल्या खरिपात आम्हीच तुडतुड्यांवर मोठा व्हिडिओ पाठवला होता. एका सभासदांचं त्या दिवसाचं नेट संध्याकाळीच संपलं होतं, पोराने मॅच बघितली होती. रोजची मर्यादा संपली की नेटचा वेग बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १० एमबीचा व्हिडिओ उतरायला वीस मिनिटांच्या वर लागतात, तेही रेंज नीट असली तर. व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला, सल्ला दुसऱ्या दिवशी कळला. खरं तर सांगायचं होतं एवढंच: "तुडतुडे दिसले तर खाचरातलं पाणी काढा, फवारा बुंध्याकडे मारा." ही ओळ त्याच मंद नेटवर क्षणात पोचली असती.

म्हणून संचालकांनी ठरवलंय: कीड, पाऊस, खरेदीची तारीख आणि भाव यांचा सल्ला आधी लिहूनच येईल. व्हिडिओ नंतर, आणि तो कशाचा व किती एमबीचा ते वर लिहून. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस जाईल. कुंडलिका इशारा पातळीकडे चढायला लागली की लाईट जाते, रेंज जाते. अशा वेळी मोठा पॅक नाही, छोटा मेसेजच पोचतो.

मुलांचं नेट कापा असं आम्ही म्हणत नाही. अभ्यासाला लागतं ते द्यायलाच हवं, आणि दिवसभर राबल्यावर तासभर करमणूकही हवी. फक्त कोणाला किती लागतं ते माहीत असू दे. बी मोजून पेरतो, खत मोजून टाकतो, मग नेटच न मोजता का?

पुढच्या रविवारी अष्टमीच्या बैठकीला येताना सात दिवसांचा आकडा घेऊन या. ज्यांना फोनमधलं सापडत नाही, त्यांना आपली पोरं तिथेच दाखवतील.

हा मेसेज लिहिलेला आहे. पुढे पाठवा, कोणाचं नेट संपणार नाही. 🙏

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, अष्टमी